मॉन्टीचे बाबा

नोरीन हॅलिवेल यांना डकवर्थ साहेब पहिल्यांदा दिसले तेव्हा साहेब बरेच लांब होते आणि त्यांचा कुत्रा बराच जवळ होता.

ऑक्टोबरातली सकाळ होती. उत्तर इंग्लंडातल्या ऑल्डरशॉच्या कोरोनेशन पार्कात तळ्याकाठच्या डांबरी वाटेवरून नोरीनबाई काठी टेकत चालल्या होत्या. त्यांचा खुबा बदलून पाच आठवडे झाले होते. समोरून चिखलाने माखलेलं, पिवळट, वासराएवढं काहीतरी कान उडवत येताना त्यांना दिसलं. त्याच्या खूप मागे, बँड वाजवायच्या छपरी चौथऱ्यापाशी, म्हणजे बँडस्टँडपाशी, लोकरी टोपी घातलेला एक उंच माणूस हात हलवून ओरडत होता, "घाबरू नका! काही करत नाही तो! नुसता हॅलो म्हणायला येतोय!"

हॅलो म्हणून झालं तेव्हा नोरीनबाईंच्या कोटावर छातीपाशी दोन पंजे उमटलेले होते आणि हातातली काठी गेली होती. कुत्र्याने ती बरोबर मध्यावर तोंडात धरली आणि तो तळ्याभोवती फेरी मारायला निघाला. खरं तर ती फेरी मारायला नोरीनबाई आल्या होत्या. आता त्या वाटेच्या मधोमध, धरायला काही नाही, सगळा भार एका पायावर, अशा विजेच्या खांबासारख्या उभ्या राहिल्या.

टोपीवाला चालत आला. धावत नाही, चालत. आधी त्याने कुत्र्याची समजूत काढली. "मॉन्टी, बाळा, ती आपली काठी नाही हं." मग नोरीनबाईंकडे वळून कौतुकाने म्हणाला, "तुम्ही आवडलात त्याला. सगळ्यांच्या काठ्या नाही नेत तो."

"आणि माझी काठी?"

"आणेल की. नेहमी आणून देतो."

मॉन्टीने काठी आणून दिली नाही. ती त्याने तळ्यात सोडली आणि तो बदकांच्या मागे लागला. टोपीवाल्याने छत्रीच्या वाकड्या मुठीने ती ओढून काढली, रुमालाने पुसली, उलटी करून टोक नीट तपासलं आणि परत देताना म्हणाला, "खालचं रबर झिजलंय बघा. घसराल हो अशाने. बदलून घ्या."

नोरीनबाईंनी एकोणतीस वर्षं या गावात टपाल वाटलं होतं. माणसाचा चेहरा पाहून नाव आठवणं त्यांना जमायचं नाही. आवाज आणि दार यांवरून जमायचं. हा आवाज त्यांनी कॉब्डन स्ट्रीटवरच्या चौदा नंबरच्या बंद दारातून ऐकला होता, "पाकिट दुमडू नका," एवढं एकच वाक्य, वर्षातून दोन-तीनदा. मिस्टर एन. डकवर्थ. नाताळात चार शुभेच्छापत्रं यायची. त्यांतलं एक दंतवैद्याचं आणि एक विमावाल्यांचं.

आता नोरीनबाई रोज पार्कात का येत होत्या, तेही सांगायला हवं. त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, चौतीस पायऱ्या, लिफ्ट नाही. फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं: रोज एक फेरी, सपाट जमिनीवर, मध्ये न थांबता. ईस्टरपर्यंत काठी सुटली तर सुटली, नाहीतर ती जन्माची. आणि ऑल्डरशॉ हे गाव डोंगराच्या अंगावर असं चिकटवलेलं आहे की सपाट जमीन म्हणाल तर तळ्याभोवतीची ती वाट, एवढीच. नोरीनबाईंची मुलगी गिलियन स्टॉकपोर्टला असते. तिने एका वृद्धांच्या वसाहतीची रंगीत माहितीपुस्तिका आणून आईच्या टेबलावर ठेवली होती. सगळं तळमजल्यावर, जेवण पाच वाजता, सामूहिक गाणी बुधवारी. "मी ईस्टरला येईन, आई. तू मला जिना चढून दाखव. बसत-उठत नाही, सरळ चढून. नाहीतर आपण फ्लॅट विकायला काढू." मुलगी वाईट नव्हती. काळजी करणारी होती, आणि काळजी करणाऱ्या माणसांशी वाद घालता येत नाही.

म्हणजे एकीकडे घर आणि दुसरीकडे पाच वाजताचं जेवण, आणि मधोमध मॉन्टी.

नोरीनबाईंना कुत्र्यांचं काही वावडं नव्हतं. नोकरीत त्यांना तीनदा कुत्रा चावला. तिन्ही वेळा मालक दारात येऊन, चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य आणून, एकच वाक्य बोलला, "असं त्याने आधी कधीच केलं नव्हतं!" दुसऱ्या वेळी चावलेला कुत्रा हा पहिल्या वेळी चावलेलाच होता, पण वाक्यात बदल झाला नाही.

त्यांनी वेळ बदलून पाहिली. सकाळी आठला गेल्या तर बँडस्टँडपाशी कुत्रेवाल्यांचं मंडळ भरलेलं असायचं. साडेदहाला गेल्या तर मॉन्टी दुसऱ्यांदा हवा खायला आलेला. दुपारी तीनला गेल्या तर मॉन्टी नसायचा, पण मॉन्टीचे विचार असलेले दुसरे दोघे-तिघे असायचे. नोव्हेंबरात एकदा मॉन्टी मागून आला आणि नोरीनबाई एका बाकावर जाऊन आदळल्या. बाक होता म्हणून निभावलं. पुढचे दोन आठवडे फिजिओच्या बाईंनी त्यांना घरातच बसवलं.

"बाकाला धन्यवाद द्या," त्या बाई म्हणाल्या.

"दिले असते," नोरीनबाई म्हणाल्या. "पण कुत्र्याचा मालक म्हणाला की बाक तिथे नसता तर मॉन्टी त्या बाजूने वळलाच नसता."

सकाळच्या त्या मंडळाबद्दल थोडं सांगतो. साडेसात ते साडेआठ बँडस्टँडपाशी सहा-सात माणसं हातात रिकामी दोरी लोंबकळवत गोल करून उभी असत. कुत्रे मोकळे. माणसं कुत्र्यांकडे पाठ करून गप्पा मारत, कारण कुत्रा काय करतोय ते पाहिलं तर काहीतरी करावं लागतं. त्यांच्यात एकमेकांना हाका मारायची पद्धत आपल्याकडच्या चाळीतल्या बायकांसारखीच होती, फक्त मुलांच्या जागी कुत्रे. पिकलची आई. बिस्किटचे बाबा. डॉटीची मावशी, कारण डॉटी मूळची तिच्या बहिणीची. सहा वर्षं ही माणसं पावसात, बर्फात, धुक्यात रोज तासभर एकत्र उभी राहिली होती. एकमेकांच्या कुत्र्यांची पोटं कधी बिघडली हे त्यांना तारीखवार माहीत होतं. एकमेकांची नावं एकालाही माहीत नव्हती. पहिल्या दिवशी विचारायची राहिली, आणि या गावात जे पहिल्या दिवशी विचारायचं राहतं ते मग विचारता येत नाही.

डकवर्थ साहेबांना हे फार सोयीचं होतं. निवृत्त होईपर्यंत बत्तीस वर्षं ते गाडी चालवण्याची परीक्षा घेत होते. अर्ध्या गावाला त्यांनी नापास केलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्याला दुसऱ्या खेपेला पास. मागच्या आरशात बघितलं नाही, नापास. बघितलं पण परीक्षकाला दिसेल असं बघितलं नाही, तरी नापास. त्यांनी कधी कुणाकडून एक पेनी घेतली नाही, कधी कुणाला एक इंच सोडला नाही. घरीही तोच खाक्या. बायकोच्या शेजारी बसून बारा वर्षं त्यांनी तिच्या चुका मोजल्या. तेराव्या वर्षी ती गाडी घेऊन वेल्सला बहिणीकडे निघून गेली. जाताना आरशात बघून, दिवा दाखवून, अगदी नियमाप्रमाणे. साहेब दारात उभे राहून बघत होते. त्यांना एकही चूक काढता आली नाही, असं शेजारीण सांगते.

बँडस्टँडपाशी मात्र ते मॉन्टीचे बाबा होते. गावाने त्यांना ओळखलं कसं नाही, असं तुम्ही विचाराल. गाडीची परीक्षा देणारा माणूस परीक्षकाच्या तोंडाकडे बघत नाही. बघितलं की नापास. लोकांना ते आठवत होते ते एक पांढरी पाटी, एक पेन आणि डाव्या बाजूने येणारा सुस्कारा एवढेच. आता त्या माणसाला सकाळी सहा जणांचं हसून बोलणं मिळत होतं. मॉन्टी मोकळा होता म्हणून माणसं थांबत होती. कुत्रे दोरीला असले की लोक "मॉर्निंग" म्हणून पुढे जातात. मोकळे असले की ते परत येईपर्यंत थांबावंच लागतं, आणि मॉन्टी कधी हाकेला परत येत नसे. नियमाशिवाय श्वास न घेणाऱ्या माणसाला साठी उलटल्यावर एक नियम मोडायला मिळाला होता, आणि त्याचं सगळं गणगोत त्या मोडलेल्या नियमावर उभं होतं.

म्हणून डिसेंबरात पार्कातल्या खांबाखांबावर नगरपालिकेची सूचना लागली तेव्हा साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मार्चपासून पार्कात सगळे कुत्रे दोरीला बांधलेले हवेत. मोकळं सोडायचं तर बोलिंगच्या, म्हणजे गवतावर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, हिरवळीमागे कुंपण घातलेला कोपरा. हरकती असतील तर कळवा. दोनशे रहिवाशांच्या सह्या आल्या तर प्रश्न भर सभेत चर्चेला येईल. नाही आल्या तर समिती ठरवेल.

सूचनेमागे काही पत्रं होती. त्यांतलं एक नोरीनबाईंचं. त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या: "माझी कुत्र्यांविरुद्ध तक्रार नाही. 'मी काही करत नाही' असं मला कुठल्याही कुत्र्याने कधी सांगितलेलं नाही. हे सांगणारे दुसरेच असतात. त्यांना दोरी लावता येत नाही म्हणून निदान कुत्र्यांना लावावी."

साहेब पेटून उठले. त्यांनी पत्रकं छापली. वर मॉन्टीचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत "आज दोरी, उद्या काय?" ज्या माणसाने बत्तीस वर्षांत पिवळ्या रेषेवर कुणाला अर्धं चाक ठेवू दिलं नव्हतं, तो आता पार्काच्या फाटकात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वातंत्र्याचं महत्त्व सांगत होता. नोरीनबाईंनाही त्याने पत्रक दिलं.

"वाचा, बाई. तुमच्यासारख्यांचा प्रश्न आहे."

"माझा काय प्रश्न?"

"मोकळ्या हवेचा! कुत्र्याला बांधलं की त्याचा स्वभाव बिघडतो. तुम्ही घाबरता म्हणून तो तुमच्याकडे येतो. घाबरू नका, मग येणार नाही."

"आणि येऊन पाडलं तर?"

"सैल पडायचं," साहेब म्हणाले. "अंग ताठ ठेवलंत की लागतं."

सह्यांचा तक्ता साहेबांनी स्वतः आखला, पट्टी लावून. दोनशे बारा ओळी भरल्या. एकही खाडाखोड नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात छातीशी धरून ते तो नगरपालिकेत घेऊन गेले. पुढे काय झालं ते नोरीनबाईंना तिथल्या खिडकीवर अर्ज घेणाऱ्या मिस अ‍ॅस्पिनॉलकडूनच कळलं. तिच्या आजीच्या घरी त्या तीस पायऱ्या उतरून टपाल द्यायच्या.

"सर, 'पिकलची आई' म्हणजे कोण?"

"पिकलची आई. पिकल हो, तपकिरी, एक कान खाली."

"मी पिकलबद्दल नाही विचारत. सही कुणाची?"

"सांगितलं ना, आईची."

"पत्ता लिहिलाय 'बँडस्टँड, साडेसात'."

"मग? तिथेच सापडते ती. रोज. तुम्ही केव्हाही बघा."

"सर, या तक्त्यात पहिला रकाना आहे कुत्र्याचं नाव. दुसरा, कुत्र्याशी नातं. तिसरा, पार्कात येण्याची वेळ. माणसाच्या नावाचा रकानाच नाही. आणि इथे, इथे, अन् या पानावर सगळीकडे, चिखलाचे पंजे आहेत."

"ते कुत्र्यांनी स्वखुशीने उमटवलेत," साहेब म्हणाले.

मिस अ‍ॅस्पिनॉलने त्यांना पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत दिली. पूर्ण नाव, घरचा पत्ता, माणसाची सही.

एवढ्या आयुष्यात साहेबांनी हजारो लोकांना "पूर्ण नाव सांगा" म्हणून दरडावलं असेल. आता सहा माणसांना विचारायचं तर त्यांना धीर होईना. सहा वर्षांनी काय विचारणार? ज्यांच्या कुत्र्याच्या मूतखड्यासाठी तुम्ही जागे राहिलात, त्यांना "तुम्ही कोण?" म्हणून विचारायचं? त्यापेक्षा इथला माणूस पार्क सोडून दुसऱ्या गावी राहायला जाईल. त्यांनी आडून प्रयत्न केला. बिस्किटच्या बाबांना विचारलं, "तुमचं टपाल कुठे येतं हल्ली?"

"घरी," बिस्किटचे बाबा म्हणाले.

मंगळवारी नोरीनबाई तळ्याकाठी निघाल्या होत्या. मॉन्टी दिसल्याबरोबर त्यांनी काठी कोटाच्या आत घातली आणि कठडा धरून हाक मारली, "मिस्टर डकवर्थ! कुत्रा आवरा!"

साहेब जागीच थबकले. पार्कात हे नाव त्यांनी सहा वर्षांत ऐकलं नव्हतं.

"तुम्हाला माझं नाव..."

"चौदा, कॉब्डन स्ट्रीट. मीच टाकत होते तुमची पाकिटं. दुमडत नव्हते."

साहेबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

बुधवारी दुपारी ते आल्याच्या बिस्किटांचा पुडा घेऊन चौतीस पायऱ्या चढून धापा टाकत नोरीनबाईंच्या दारात उभे राहिले. मॉन्टी खाली कठड्याला बांधला होता, दोरीने. तो जिवाच्या आकांताने भुंकत होता, आणि साहेब मधून मधून खिडकीतून डोकावून त्याला म्हणत होते, "आलो रे राजा, पाच मिनिटं."

"सगळ्या गावाची नावं-पत्ते तुम्हाला तोंडपाठ असतील," ते म्हणाले. "सहा-सात जणांचे हवेत फक्त. ते आले की बाकीचे त्यांच्यामार्फत मिळतील. तुम्ही नुसतं वर्णन ऐका. पिकलची आई: बुटकी, लाल बूट, बोलता बोलता शिंकते."

नोरीनबाईंच्या डोळ्यांपुढे दार उभं राहिलं. बावीस, टेंपल स्ट्रीट. जॅनिस ऑर्मरॉड. या जॅनिसकडे गाडीच्या परीक्षेच्या तारखेचं पाकिट चार वेळा गेलं होतं, एकाच वर्षात. पाचव्यांदा सायकलींचा कॅटलॉग गेला. जॅनिसने तो दारातच फाडून उघडला होता आणि नोरीनबाईंना म्हणाली होती, "चार कागद, चारांखाली एकच सही! डकवर्थ! मेल्यावर याच्या तिरडीला गाडी मिळू नये!" साहेब पुढची वर्णनं करत गेले, आणि दारं उघडत गेली: बिस्किटचे बाबा म्हणजे लेनर्ड येट्स, दोन पाकिटं. डॉटीची मावशी, तीन.

"मला सांगता येणार नाही," नोरीनबाई म्हणाल्या.

"आठवत नाही?"

"आठवतंय सगळं. पण एकाचा पत्ता दुसऱ्याला सांगायचा नाही, असा आमचा नियम."

"अहो, पण तुम्ही तर निवृत्त!"

"तुम्ही निवृत्त झालात म्हणून लाल दिव्यातून जाता का?"

 हा मुद्दा साहेबांना पटण्यासारखा होता, हीच त्यांची पंचाईत.

"मग मी करू काय?" ते म्हणाले. आवाज इतका बारीक झाला होता की नोरीनबाईंनी दुसरं बिस्किट त्यांच्यापुढे सरकवलं. "बाई, मार्चनंतर मला तिथे बोलणारं कोणी राहणार नाही."

नोरीनबाईंनी टेबलावरच्या रंगीत पुस्तिकेकडे पाहिलं. मुखपृष्ठावर पांढऱ्या केसांची एक बाई रिकाम्या ताटलीकडे बघून हसत होती.

"दुसऱ्याचं नाव विचारायची एक सोपी रीत आहे," त्या म्हणाल्या. "आधी आपलं सांगायचं. पूर्ण, आडनावासकट. मग समोरचा आपोआप सांगतो."

"एवढंच?"

"एवढंच."

सल्ला चांगलाच होता. कुणालाही द्यावा असा. त्याचं काय होणार हे देणारीला पुरतं माहीत होतं, ही गोष्ट वेगळी.

गुरुवारी सकाळी नोरीनबाई जरा लवकरच पार्कात गेल्या आणि बँडस्टँडजवळच्या बाकावर बसल्या. साहेबांनी दाढी घोटून केली होती. त्यांनी टोपी काढली आणि घसा खाकरला.

"सहा वर्षं झाली," ते म्हणाले. "लाज वाटते, पण आपण कधी... तर, माझं नाव नेव्हिल. नेव्हिल डकवर्थ."

मंडळ आनंदलं. हात पुढे आले. "लेनर्ड," बिस्किटचे बाबा म्हणाले, "लेनर्ड ये..." आणि तिथेच थांबले. त्यांचा हात हवेतच राहिला.

पिकलच्या आईने शिंकायला तोंड उघडलं होतं. शिंक आली नाही.

"कुठले डकवर्थ?"

"इथलेच. कॉब्डन स्ट्रीट."

"काय करत होता तुम्ही?"

साहेबांनी आयुष्यात खोटं बोलून पाहिलं नव्हतं. "वाहन परीक्षक होतो," ते म्हणाले.

"चर्चच्या वळणावर!" जॅनिस ऑर्मरॉड किंचाळली. तळ्यातली बदकं उडाली. "फुटपाथला माझं चाक लागलं म्हणालात! लागलं नव्हतं! चौथ्या वेळी मी रडत होते, आणि तुम्ही लिहिलंत, 'डोळे पुसताना एक हात चाकावर नव्हता'! वीस वर्षं मी बाजाराच्या पिशव्या घेऊन हा डोंगर चढतेय! आणि तुमच्या या ठोंब्याला माझ्या हाताने खाऊ घालतेय!"

बाकीच्यांनी आरडाओरडा केला नाही. ती इथली रीत नाही. लेनर्ड येट्स घड्याळ बघून म्हणाले, "बराच उशीर झाला की." डॉटीच्या मावशीला काहीतरी आठवलं. दोघेजण आभाळाकडे बघून हवेबद्दल बोलत निघाले. दोन मिनिटांत बँडस्टँडपाशी साहेब, हातात टोपी, आणि बगलेत नवीन आखलेला तक्ता, ज्यात पहिला रकाना आता 'पूर्ण नाव' होता, एवढेच उरले. कुत्रे मात्र खेळतच होते. मॉन्टीच्या मागे पिकल, पिकलच्या मागे डॉटी. मालक कुठे गेले याची त्यांना काळजी नव्हती; कोण किती वेळा नापास झालं याची त्यांच्यात नोंद नसते.

शुक्रवारी एकतीस सह्या पोचल्या, फाटकात भेटलेल्या अनोळखी माणसांच्या. समितीने प्रश्न अकरा मिनिटांत निकाली काढला, त्यांत चहा आला.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी साहेब बँडस्टँडपाशी एकटेच होते. मंडळ तळ्याच्या पलीकडे, झाडांमागे, नव्या जागी भरलं होतं. नोरीनबाई येताना दिसल्या तशी साहेबांनी कुणी न सांगता वाकून मॉन्टीचा गळपट्टा धरला.

"थँक्यू, मिस्टर डकवर्थ."

"तुम्हाला माहीत होतं," साहेब म्हणाले.

"पाकिटं मीच टाकत होते म्हटलं ना."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही नावं विचारलीत. कोण किती वेळा नापास झालं, ते विचारलं नाहीत."

साहेबांनी मान हलवली. प्रश्न नीट विचारला नाही, मार्क गेले. हा हिशेब त्यांना समजत होता. नोरीनबाई दोन पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या. आपण केलं ते चुकीचं नव्हतं, असं त्यांनी दोन दिवस स्वतःला सांगून पाहिलं होतं. पटत होतं. पण त्या घरात नाताळाला चारच शुभेच्छापत्रं येतात, हेही त्यांना दुसऱ्या कुणापेक्षा जास्त माहीत होतं.

"जाऊन माफी मागा तिची," त्या म्हणाल्या. "जॅनिसची."

साहेबांनी झाडांमागच्या मंडळाकडे पाहिलं. मॉन्टीने तेवढ्यात त्यांचा बूट चाटून स्वच्छ केला.

"पण चाक लागलं होतं हो," ते म्हणाले. "मी उतरून बघितलं होतं."

मार्चच्या एक तारखेपासून दोऱ्या लागल्या. नोरीनबाईंनी पहिल्याच दिवशी पुरी फेरी मारली, न थांबता. महिन्याभरात काठी हाताऐवजी कोपराला अडकवून फिरायला लागल्या. ईस्टरला गिलियन आली, जिन्याच्या तळाशी हाताची घडी घालून उभी राहिली, आणि तिची आई चौतीस पायऱ्या सरळ चढून गेली. वर पोचल्यावर नोरीनबाई बोलल्या नाहीत, कारण बोलायला श्वास नव्हता. पण त्यांनी ती रंगीत पुस्तिका उचलून मुलीच्या पर्समध्ये घातली. गिलियनने ती निमूटपणे घरी नेली.

कुत्रे मोकळे सोडायला आता एकच जागा उरली, बोलिंगच्या हिरवळीमागचा कुंपणाचा कोपरा. आपल्याकडच्या साध्या घराचं अंगण त्याहून मोठं असतं. तिथे नवी जागा, जुनी जागा असा भेद करता येत नाही. एप्रिलात सगळं मंडळ त्यात येऊन उभं राहिलं, माणसं आत दाटीवाटीने आणि कुत्रे फाटकाशी तोंड लावून बाहेर बघत. पहिले पंधरा दिवस जॅनिस साहेबांकडे पाठ करून उभी राहायची. मग एके दिवशी साहेब आत शिरले तशी मागे न बघताच म्हणाली, "डकवर्थ, फाटक."

"लावलंय."

"नीट? उतरून बघितलंत?"

लेनर्ड येट्स हसले. साहेब परत गेले, कडी हलवून पाहिली आणि आले. माफी त्यांनी अजून मागितलेली नाही. तिने अजून दिलेली नाही. पण त्यांना आता तिथे सगळे डकवर्थ म्हणतात, आणि मॉन्टीला खाऊ मिळतो.

तेवढं सोडलं तर पार्कभर मॉन्टी दोरीला असतो. सहा वर्षांत दोरीने चालायला तो शिकलेलाच नाही. बदक दिसलं की तो जातो, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला जे असेल ते त्याच्यामागून जातं. नेव्हिल डकवर्थ यांचा उजवा खांदा उन्हाळ्यापासून धरलेला आहे, आणि हल्ली ते चहाचा कप डाव्या हाताने उचलतात.